गोळ्या चालू आहेत, पण शरीराकडे कोण बघतंय? गंभीर मानसिक आजार असलेल्या वयस्क पुरुषासाठी घरच्यांनी करायच्या गोष्टी

स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असलेला माणूस अकाली गेला की लोक आधी आत्महत्येची शंका घेतात. तो धोका खरा आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण या माणसांपैकी बहुतेक जण जातात ते हृदयविकाराने, फुप्फुसाच्या आजाराने, मधुमेहाच्या गुंतागुंतीने, कॅन्सरने, न्यूमोनियाने. शेजारच्या घरातला माणूस ज्या आजाराने जातो त्याच आजाराने, फक्त दहा-पंधरा वर्षं आधी.

वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून २०१७ साली जो हिशेब मांडला गेला, त्यात स्किझोफ्रेनियामुळे आयुष्याची सरासरी १४.५ वर्षं कमी होतात असं दिसलं. बायकांमध्ये १३.६ आणि पुरुषांमध्ये १५.९. या पुरुषांचं सरासरी आयुष्य साठीच्या आसपास संपत होतं. भारतात २०१६-२० च्या नमुना नोंदणीनुसार पुरुषाचं जन्माच्या वेळचं अपेक्षित आयुर्मान ६८.६ वर्षं आहे. या दोन आकड्यांची वजाबाकी करत बसू नका, कारण ते वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या लोकसंख्येचे आहेत. शिवाय सरासरीत तिशीत गेलेलेही मोजलेले असतात. तुमच्या घरातले काका किंवा भाऊ आज ६२ वर्षांचे असतील, तर त्यांनी बराच धोका आधीच मागे टाकला आहे. इथून पुढची वर्षं बीपी, शुगर, विडी आणि वेळेवर झालेलं निदान यांवर ठरणार आहेत, आणि यातल्या बऱ्याच गोष्टी घरच्यांच्या हातात आहेत.

पुरुषांनाच जास्त फटका का? विडी-सिगारेट आणि दारू हे एक कारण. दुसरं म्हणजे आपल्याकडे या आजारातले कितीतरी पुरुष एकटे असतात. लग्न झालेलं नसतं, किंवा झालेलं टिकलेलं नसतं. आई होती तोवर आई बघायची, मग भाऊ-वहिनी बघतात. वहिनी जेवण देते, कपडे धुते, गोळ्या काढून ठेवते. पण दिराला "पोट साफ होतं का, लघवीला त्रास होतो का" हे ती विचारू शकत नाही, आणि तो आपणहून सांगत नाही. इथेच वर्षं वाया जातात.

पायरी १: वही घाला

साधी दोनशे पानी वही. मोबाइलमध्ये नोंदी ठेवल्या तर त्या एकाच माणसाकडे राहतात. वही घरात कुणालाही सापडते आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेता येते.

पहिल्या पानावर नाव, वय, रक्तगट, आजाराचं नाव, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते, आणि चालू औषधं. औषध लिहिताना कंपनीच्या नावासोबत आतल्या औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि वेळ लिहा. "रात्री पांढरी अर्धी" हे रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरच्या काहीही उपयोगाचं नसतं. दुसऱ्या पानावर महिन्यातून एकदा वजन, कंबर आणि बीपी. तिसऱ्या पानापासून आजाराचा इतिहास: कोणत्या साली कुठे ॲडमिट केलं, कोणतं औषध का बंद केलं, कोणत्या औषधाने बरं वाटलं.

तीस-पस्तीस वर्षं जुना आजार असेल तर हा इतिहास विखुरलेला असतो. एक डॉक्टर निवृत्त झालेले, दुसऱ्यांचा दवाखाना बंद, फाइल घराच्या वाटण्यांमध्ये हरवलेली. जिथे उपचार झाले त्या रुग्णालयाकडे कागदपत्रं मागा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. अर्ज त्यांच्या सहीनेच करा.

आणि वही त्यांच्यापासून लपवू नका. त्यांच्याविषयी चोरून काहीतरी लिहिलं जातंय असं वाटलं, तर संशयाला आयतं खाद्य मिळतं. वजन त्यांनाच लिहायला सांगितलं तर उत्तम.

पायरी २: तपासण्या एकाच खेपेत

मानसोपचारतज्ज्ञ झोप, भास, वागणं याबद्दल विचारतात. फॅमिली डॉक्टर म्हणतात, "ते मोठ्या डॉक्टरांचं औषध चालू आहे ना, मग त्यांनाच विचारा." या दोघांच्या मधल्या जागेत माणसाचं बीपी दहा-दहा वर्षं मोजलं जात नाही. म्हणून विचारायचं काम तुम्हीच अंगावर घ्या.

एकदा या सगळ्या तपासण्या करून घ्या: वजन, कंबर, बीपी, उपाशीपोटी शुगर, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), सोडियम-पोटॅशियम, लिव्हर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, ईसीजी. औषध नवीन सुरू झालं किंवा बदललं, तर वजन, बीपी, शुगर आणि लिपिड तीन महिन्यांनी पुन्हा. सगळं ठीक असेल तर वर्षातून एकदा.

आपल्याकडच्या पुरुषांसाठी कंबर ९० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं. बीपी १४०/९० किंवा वर पुन्हा पुन्हा येत असेल, उपाशीपोटी शुगर १२६ किंवा वर असेल, एचबीए१सी ६.५ किंवा वर असेल, तर "बॉर्डरलाइन आहे, बघू" असं म्हणून सोडू नका. शुगर १०० ते १२५ मध्ये असेल तर ती औषधामुळे चढते आहे का, हे मानसोपचारतज्ज्ञांना विचारा. बीपी आणि शुगर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात मोफत होतं. तीस वर्षांवरील सगळ्यांसाठी ही तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे.

रक्त द्यायला नकार हा नेहमीचा अडथळा. "रक्त काढून विकतात" असं ठाम वाटणाऱ्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो. घरी येऊन रक्त नेणारा एकच ओळखीचा मुलगा ठरवा, आणि त्या दिवशी भावानेही स्वतःचं रक्त द्यावं. सगळ्या तपासण्या एकाच सुईत होतील असं बघा. तरी नाहीच म्हणाले तर महिनाभराने पुन्हा विचारा. धरून-बांधून काढलेल्या रक्ताचा रिपोर्ट मिळतो, पण पुढची दोन वर्षं दवाखान्याचं नाव काढता येत नाही. कायद्याच्या नजरेतही मानसिक आजार आहे एवढ्याने माणसाचा निर्णयाचा अधिकार जात नाही.

सोबत तोंडाची तपासणी. तंबाखू-चुना, गुटखा, मिश्री यांतलं काहीही वर्षानुवर्षं चालू असेल, तर टॉर्च लावून गालाच्या आतली बाजू, जिभेच्या कडा आणि जिभेखाली बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पूर्ण न उघडणं, यांपैकी काही दिसलं तर लगेच दाखवा. दात आणि मोतीबिंदूही याच यादीत. नीट दिसत नसेल आणि ऐकू येत नसेल तर संशय वाढतो, आणि मग गोळ्यांचा डोस वाढवला जातो.

पायरी ३: औषधं बंद करू नका, पण दरवर्षी त्यांची झडती घ्या

"इतकी वर्षं गोळ्या खातोय, किडनी जाईल." हे वाक्य घरोघरी ऐकू येतं आणि त्यातून परस्पर गोळ्या बंद होतात. फिनलंडमध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्या ६२,२५० लोकांच्या वीस वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झाल्या. औषध न घेण्याच्या काळात वीस वर्षांतला मृत्यूचा हिशेब ४६.२ टक्के निघाला, औषध घेण्याच्या काळात २५.७ टक्के आणि क्लोझापिनवर (इतर औषधांनी गुण आला नाही की दिलं जाणारं औषध) १५.६ टक्के. जी माणसं नियमित गोळ्या घेतात त्यांची एकूण काळजीही बरी घेतली जात असणार, तेव्हा सगळं श्रेय गोळीला देता येणार नाही. पण "गोळ्याच आयुष्य कमी करतात" या समजुतीला या आकड्यांत आधार नाही.

इंटरनेटवर "वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका" असा इशारा वाचून घाबरणारेही भेटतात. तो इशारा डिमेन्शियामुळे (स्मृतिभ्रंशामुळे) होणाऱ्या वर्तनाच्या त्रासासाठी ही औषधं दिली जातात, त्या रुग्णांबद्दल आहे. तरुणपणापासून स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाचं गणित वेगळं.

मात्र चाळिशीत बसवलेला डोस पासष्टीत जसाच्या तसा चालेलच असं नाही. वयाबरोबर मूत्रपिंड आणि यकृत मंदावतात. वर्षातून एकदा डॉक्टरांना सरळ विचारा: "यातली कोणती गोळी आता कमी करता येईल? कोणती नकोच आहे?"

या प्रश्नाला सर्वात आधी पात्र ठरते ती ट्रायहेक्सिफेनिडिल, पॅसिटेन या नावाने ओळखली जाणारी गोळी. हातापायांचा ताठरपणा आणि कंप कमी करायला ती दिली जाते आणि वर्षानुवर्षं चालूच राहते. साठीनंतरच्या पुरुषाला ती फार महागात पडू शकते. प्रोस्टेट वाढलेली असेल तर लघवी तुंबते, पोट साफ होत नाही, तोंड कोरडं पडून दात किडतात, विसरायला होतं, काचबिंदू बळावू शकतो. तोंड सतत चघळल्यासारखं हलत असेल, जीभ आत-बाहेर होत असेल, तर ती हालचाल या गोळीने उलट वाढू शकते. मनाने बंद करू नका, ती हळूहळू कमी करावी लागते. पण विचारा नक्की.

लिथियम (मुख्यतः बायपोलरमध्ये मूड स्थिर ठेवायला दिलं जाणारं औषध) घेणाऱ्यांच्या घरात फ्रिजवर चिकटवावी अशी सूचना: गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देऊ नका. या वेदनाशामकांनी रक्तातलं लिथियम चढतं. बीपीच्या काही गोळ्यांनी आणि लघवी जास्त करणाऱ्या गोळ्यांनीही चढतं, त्यामुळे बीपीचं औषध देणाऱ्या डॉक्टरला लिथियमबद्दल आधी सांगा. दुखण्याला पॅरासिटामोल चालतं. जुलाब-उलट्या लागल्या, किंवा मे महिन्यात पाणी कमी पडलं, तरी पातळी वाढते. हाताचा कंप जोरात सुरू होणं, झोकांड्या जाणं, बोलणं अडखळणं, उलट्या, गोंधळ ही लिथियम जास्त झाल्याची लक्षणं आहेत. पुढची गोळी न देता तडक रुग्णालय गाठा. एरवी लिथियमची पातळी, क्रिएटिनिन, थायरॉइड आणि कॅल्शियम दर सहा महिन्यांनी. पातळीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी द्यायचं, नाहीतर आकड्याला अर्थ नाही.

ओलॅन्झापिन आणि क्लोझापिनने वजन आणि शुगर वाढते. वजन चढायला लागल्यावर लवकर सांगितलं तर डॉक्टर औषध बदलू शकतात किंवा सोबत मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी देऊ शकतात. वीस किलो वाढल्यावर सांगण्यात हशील नाही. क्लोझापिनवर रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटत नाहीत ना, ही तपासणी सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला आणि नंतर ठरलेल्या अंतराने चालू ठेवावी लागते. मध्येच ताप किंवा घसादुखी आली तर त्याच दिवशी रक्त तपासा.

टीबीचं औषध सुरू झालं तर मानसोपचारतज्ज्ञांना कळवा. रिफाम्पिसिनमुळे मानसिक आजाराच्या कितीतरी गोळ्यांचा परिणाम घटतो. टीबी बरा होत असताना जुने आवाज परत का आले, हे कोडं मग पडत नाही.

पायरी ४: विडी

आयुष्य वाढवणारी एकच गोष्ट निवडायची असेल तर मी ही निवडेन. तरीही घरात आणि वॉर्डात नेमकी हीच सोडून दिली जाते. "त्याला दुसरं सुख तरी काय आहे" असं म्हणत घरचेच बंडल आणून देतात. यामागची माया समजते. पण विडी सोडण्याची इच्छा या माणसांमध्येही असते. त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

इथे एक तांत्रिक गोष्ट माहीत हवी. विडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत क्लोझापिन आणि ओलॅन्झापिन लवकर बाहेर टाकतं, म्हणून ओढणाऱ्याचा डोस जास्त ठेवलेला असतो. विडी अचानक बंद झाली, मग ती निश्चयाने असो की हॉस्पिटलात भरती झाल्यामुळे, तर तोच डोस आठवडाभरात जड पडायला लागतो. क्लोझापिनची रक्तातली पातळी दीडपट होणं काही दुर्मीळ नाही. माणूस दिवसभर गुंगीत, लाळ गळतेय, तोल जातोय, क्वचित फिटही येते. म्हणून सोडण्याची तारीख ठरवा आणि ती डॉक्टरांना आधी सांगा. हा परिणाम धुरातल्या घटकांचा आहे, निकोटिनचा नाही. त्यामुळे निकोटिनच्या गोळ्या किंवा पट्ट्या वापरल्या तरी डोस कमी करावाच लागतो, आणि तंबाखू चघळणाऱ्याला ही अडचण येत नाही. चघळणाऱ्याचा प्रश्न तोंडाच्या कॅन्सरचा.

विडी-सिगारेट सोडायला दिल्या जाणाऱ्या व्हॅरेनिक्लिन या औषधाने मन बिघडतं अशी भीती पूर्वी होती. २०१६ साली मानसिक आजार असलेल्या हजारो लोकांना घेऊन झालेल्या मोठ्या चाचणीत तसा ठळक धोका दिसला नाही. डॉक्टरांशी बोलता येईल. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे.

एकदम जमत नसेल तर दिवसाच्या विड्या मोजून घटवा. आणि पैशांची कोंडी करून सोडवू नका. रस्त्यावरची थोटकं उचलणारा माणूस विडी सोडत नाही, फक्त मान गमावतो.

पायरी ५: शौच, लघवी, घास, तोल

पुरुष माणसाने विचारायच्या या गोष्टी आहेत. भाऊ, पुतण्या, मेहुणा, कुणीतरी एक ठरवा.

बद्धकोष्ठता हा शब्द ऐकायला किरकोळ वाटतो. क्लोझापिनवर असलेल्या माणसाचं आतडं इतकं मंदावू शकतं की ते पूर्ण थांबतं, आणि त्यात मृत्यू होतात. दोन दिवस शौचाला झालं नाही की वहीत नोंद, तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन. पोट फुगलेलं, दुखतंय, उलटी होतेय, तर वाट न बघता रुग्णालय. आतड्याची हालचालच मंद असते तेव्हा नुसतं इसबगोल देऊन भागत नाही, पाणी कमी प्यायलं तर ते आणखी अडकू शकतं. नियमित घ्यायचं रेचक डॉक्टरांकडून लिहून घ्या.

लघवी थेंब-थेंब होणं, रात्रीत चार-पाचदा उठणं, ओटीपोट फुगणं हे प्रोस्टेटचंही असेल आणि गोळ्यांचंही. प्रोस्टेटसाठी दिलेल्या टॅमसुलोसिनने बीपी उतरतं, मानसिक आजारासाठी रात्री घ्यायच्या क्वेटियापिन किंवा रिस्पेरिडोननेही उतरतं. दोन्ही घेऊन रात्री झटक्यात लघवीला उठलं की भोवळ आणि मग खुब्याचं हाड. उठताना आधी पलंगावर दोन मिनिटं बसणं, वाटेत दिवा, न्हाणीघरात धरायला दांडा, खाटेजवळ लघवीचं भांडं. डॉक्टरांना सांगून बीपी एकदा झोपून आणि लगेच उभं राहून मोजून घ्या.

घशात घास अडकून होणारे मृत्यू स्किझोफ्रेनियात इतरांपेक्षा बरेच जास्त आहेत. दात नाहीत, तोंड कोरडं, गोळ्यांमुळे गिळणं मंद, आणि जेवायची सवय घाईची. कोरडी भाकरी, सुके पोहे, उकडलेलं अंडं, खोबऱ्याचा मोठा तुकडा ही धोक्याची ठिकाणं. भाकरी आमटीत कुस्करून द्या, घास लहान, जेवताना कुणीतरी समोर बसा. घास अडकून आवाज फुटेनासा झाला, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा, नाही निघाला तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ दाबून आत-वर पाच झटके, आणि हे आलटून-पालटून. दुसऱ्या कुणीतरी तोवर १०८ लावावा.

जेवणाखाण्याबद्दल फार लिहीत नाही. मधुमेहाच्या माणसाला जे सांगतात तेच. एकच सांगतो, दिवसाचे चहा मोजा. सहा कप गोड चहा आणि प्रत्येकासोबत बिस्किटं, असा हिशेब निघाला तर पथ्याची सुरुवात तिथूनच. आणि "फिरायला जा" म्हणण्यापेक्षा काम द्या: दूध आणणं, नातवाला शाळेपर्यंत सोडणं, देवळापर्यंत जाऊन येणं.

विदर्भ-खानदेशातल्या उन्हाळ्याबद्दल मात्र लिहायलाच हवं. या औषधांपैकी बऱ्याच औषधांनी शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता घटते, आणि काही जण एप्रिलमध्येही स्वेटर अंगावरून काढत नाहीत. दुपारी बाहेर पाठवू नका, पाणी हातात नेऊन द्या. खूप ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि भान हरपणं एकत्र दिसलं, तर ऊन लागलं असेल किंवा औषधाची दुर्मीळ पण जीवघेणी प्रतिक्रिया असेल. दोन्हींत जागा एकच, रुग्णालय.

पायरी ६: वागणं एकाएकी बदललं तर आधी शरीर तपासा

वर्षानुवर्षांचा आजार आठवड्या-महिन्यांच्या गतीने वर-खाली होतो. काल बरा असलेला माणूस आज असंबद्ध बोलतोय, दिवस-रात्र कळत नाही, कपडे ओढतोय, असं काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत घडलं तर ते बहुधा मनाच्या आजाराचं उसळणं नसतं. लघवीतला जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, न्यूमोनिया, घसरलेलं सोडियम, घसरलेली किंवा चढलेली शुगर, डोक्याला मार, लिथियम, यांतलं काहीतरी निघतं.

अडचण दवाखान्यात येते. केस पेपरवर "स्किझोफ्रेनिया" दिसला की छातीत जळजळ होतेय हे सांगणंही भासात जमा होतं. त्यात या आजारातल्या काही माणसांना दुखणं कमी जाणवतं किंवा ते सांगता येत नाही. हार्ट अटॅक येऊनही ते छाती धरून बसत नाहीत; नुसता घाम, धाप, जेवण नको, "बरं वाटत नाही" एवढंच. म्हणून सोबत गेलेल्याने आजाराच्या नावापासून सुरुवात करू नये. असं सांगा: "डॉक्टर, यांचं वय ६६. एरवी हे स्वतः आंघोळ करतात, पेपर वाचतात. परवा रात्रीपासून ओळखत नाहीत, धाप लागते, काल दिवसभर लघवी झालेली नाही. ही औषधांची वही. ईसीजी, ऑक्सिजन, शुगर, सोडियम आणि लघवी तपासाल का?" एरवीचं वागणं सांगितलं की समोरच्याला फरक दिसतो. मग मानसिक आजार सांगा. तो लपवायचा मात्र नाही, कारण नवीन औषधाचं जुन्याशी भांडण होऊ शकतं.

फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दल डॉक्टरांशी बोला. न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या रुग्णालय-साखळीतल्या नोंदींमध्ये कोविडने मृत्यूचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत वयाखालोखाल स्किझोफ्रेनियाचा क्रम लागला होता. फुप्फुसाचा संसर्ग या माणसांना झेपत नाही.

पायरी ७: जीव नकोसा होण्याबद्दल बोला

स्किझोफ्रेनिया असलेल्यांपैकी साधारण पाच टक्के लोक आयुष्यात कधीतरी आत्महत्येने जातात. आजाराची सुरुवातीची वर्षं जास्त धोक्याची, पण म्हातारपणी धोका संपतो असं नाही. हॉस्पिटलातून घरी आल्यानंतरचे आठवडे, आई किंवा वडील गेल्यानंतरचे महिने, नवीन मोठ्या आजाराचं निदान, या वेळा जपा. "जगावंसं वाटत नाही का?" असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येत नाही. गोळ्यांचा साठा एका वेळी आठवड्यापुरताच त्यांच्या हाती ठेवा, शेतावरची औषधं कुलपात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, आणि घरच्यांनीही लावायला हरकत नाही.

पायरी ८: कागद आणि पैसा

औषध थांबण्याचं सर्वात साधं कारण पैसा संपणं हे असतं. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमातून तपासणी आणि बरीच औषधं मोफत मिळतात. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग आहेत. गोव्यात बांबोळीची सरकारी मनोरुग्णालय-संस्था आहे. एसटीला ६५ ते ७५ वयात निम्मं भाडं आणि पंच्याहत्तरीनंतर मोफत प्रवास, हे जिल्ह्याच्या खेपांसाठी उपयोगी.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजार हे अपंगत्व मानलं आहे. ४० टक्के किंवा अधिकचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्ड काढा. मंडळासमोर स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि काम या चार बाबी बघितल्या जातात. त्या दिवशी घरचे त्यांना दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून नेतात, आणि ते सांगतात, "मी सगळं करतो." दाढी कुणी केली, किती वेळा सांगावं लागलं, शेवटची कमाई कधी झाली हे सोबतच्याने खरं खरं सांगावं. वाढवून सांगायची गरज नसते. उत्पन्न कमी असेल तर ६५ पर्यंत संजय गांधी निराधार अनुदान योजना, त्यानंतर श्रावणबाळ योजना. अर्ज तहसील कार्यालयात.

सत्तरी पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार मिळतात. कार्ड आजच काढून ठेवा, आजारपणात धावपळ नको. निरामय विमा मात्र मानसिक आजाराला लागू होत नाही. तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध अपंगत्वासाठी आहे. निरामय ज्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली येतो, त्याखालचं कायदेशीर पालकत्वही तसंच. एजंट पैसे घेऊन फॉर्म भरून देतात, म्हणून सांगितलं.

वडील सरकारी नोकरीतले असतील तर हे नक्की तपासा: मानसिक आजारामुळे कमावू न शकणाऱ्या अपत्याला पंचविशीनंतरही, हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. आई-वडील हयात असतानाच पेन्शनच्या कागदांत त्याची नोंद करून घेतली तर पुढची वणवण वाचते.

नामनिर्देशित प्रतिनिधी नेमून ठेवा. साध्या कागदावर त्यांनी लिहून सही किंवा अंगठा दिला तरी चालतो. उपचाराच्या निर्णयात मदत करायला, कागद बघायला, भरतीच्या वेळी सोबत उभं राहायला हाच माणूस. आज तो ७० वर्षांचा भाऊ असेल तर त्याच्या नंतर कोण, हेही आत्ताच बोला, आणि ज्याचं नाव घेताय त्या पुतण्याला किंवा भाचीला आधी विचारा. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे स्वमदत गट आहेत, ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था आहे. तिथले शुभंकर, म्हणजे अशा रुग्णांची काळजी घेणारे घरचे लोक, या प्रश्नातून गेलेले असतात, आणि ट्रस्ट करायचा की मृत्युपत्र, कोणता वकील, कोणता बँक मॅनेजर ऐकून घेतो, हे त्यांच्याकडून जेवढं कळतं तेवढं कुठल्या फॉर्ममध्ये लिहिलेलं नसतं.

पुढच्या माणसासाठी वहीचं शेवटचं पान राखून ठेवा: चहात साखर किती, गोळी कुणाच्या हातून घेतात, चिडले की कोणता विषय काढायचा नाही, कुणाचा फोन आला की शांत होतात, आणि दवाखान्यात नेताना रिक्षा कोणत्या ओळखीच्या माणसाची बोलवायची.